रुळांशी खोटे बोललेले कामगार

माझी भाची सातवीत आहे, मराठी माध्यमात शिकते आणि खाडीपलीकडे कळव्याला राहते. गेल्या महिन्यात तिला ठाण्याला आलेल्या पहिल्या आगगाडीवर दहा ओळींचा इंग्रजी निबंध लिहायचा होता आणि तो तपासून घेण्यासाठी ती एका रविवारी सकाळी नौपाड्यात माझ्याकडे आली. "आत्या, तू फक्त स्पेलिंग बघ, बाकी सगळं बरोबर आहे," असे तिने दारातच बजावले. स्पेलिंग खरोखरच जवळजवळ निर्दोष होते. माहितीही नेमकी होती: १६ एप्रिल १८५३ हा दिवस, बोरीबंदर ते ठाणे हा सुमारे ३४ किलोमीटरचा प्रवास, १४ डबे, जवळपास ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि गाडी ओढणारी तीन इंजिने. चौथ्या ओळीत मात्र तिने लिहिले होते, 'वर्कर्स लाइड द रेल्स', आणि ते वाचताना माझा चहा सांडायचा राहिला, कारण 'लाइड' हे खोटे बोलण्याचे भूतकाळी रूप आहे. रूळ टाकणाऱ्या त्या कष्टाळू माणसांना माझ्या भाचीने एका अक्षरात लबाड ठरवून टाकले होते.

निबंधात अशी आणखी चार ठिकाणे निघाली. रेल्वे कंपनी १८४९ साली 'वॉज फाउंड', म्हणजे सापडली होती. पहिली गाडी ठाण्याला 'हॅड केम'. काही लोक भीतीने इंजिनाजवळ 'डिड नॉट वेंट'. आणि तीन इंजिनांनी डबे 'ड्रॉड'. मी बँकेत नोकरी केली, शिक्षिका नव्हते. परंतु तीस वर्षे इंग्रजी पत्रांचे मसुदे तपासल्यामुळे या पाचही चुका मला जुन्या ओळखीच्या वाटल्या. शाळेत आणि शिकवणीत यांवर एकच औषध दिले जाते: व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री असे तीन रकाने आखायचे आणि गो-वेंट-गॉन, कम-केम-कम असे घोकायचे. हे औषध वाईट नाही, मीही ते पुष्कळ प्यायले आहे. पण वही पुढे ठेवून नीट विचार केला तेव्हा लक्षात आले की या पाच चुकांची मुळे पाच वेगवेगळ्या जागी आहेत, त्यांपैकी घोकण्याने बरी होणारी एकच आहे, आणि उरलेल्यांचे उत्तर, थोडे विचित्र वाटेल, पण मराठीत शोधले तर लवकर सापडते.

रुळांपासून सुरुवात केली. भाचीचा युक्तिवाद बिनतोड होता: 'टाय'चे 'टाइड', 'डाय'चे 'डाइड', मग 'लाय'चे 'लाइड' का नाही? अडचण अशी आहे की इंग्रजीत 'लाय' नावाची दोन क्रियापदे आहेत आणि तिसरे 'ले' नावाचे क्रियापद त्यांच्या मध्ये येऊन बसले आहे. खोटे बोलण्याचा 'लाय' अगदी सरळ चालतो: लाय, लाइड, लाइड. आडवे पडून राहण्याचा 'लाय' मात्र लाय, ले, लेन असा जातो. आणि आडवे ठेवणे, अंथरणे, टाकणे या अर्थाचा 'ले' हा ले, लेड, लेड असा. म्हणजे जे एकाचे भूतकाळी रूप, तेच दुसऱ्याचे मूळ रूप. यात इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेसुद्धा रोज घसरतात, तेव्हा कळव्याच्या मुलीने फार लाजण्याचे कारण नाही.

मी तिला विचारले, "झाड पडलं आणि झाड पाडलं यांत फरक काय?" ती म्हणाली, "पडलं म्हणजे आपोआप, पाडलं म्हणजे कोणीतरी." बस्स, एवढेच तर हवे होते. पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, तरणे आणि तारणे या जोड्यांत मराठी माणूस जन्मात चुकत नाही, आणि इंग्रजीतल्या सर्वांत कुप्रसिद्ध जोड्या नेमक्या याच घडणीच्या आहेत. 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' म्हणजे पाडणे, तेही विशेषतः झाड पाडणे. 'लाय' म्हणजे पडून राहणे, 'ले' म्हणजे ठेवणे किंवा निजवणे. 'सिट' म्हणजे बसणे, 'सेट' म्हणजे बसवणे. 'राइज' म्हणजे उठणे, 'रेज' म्हणजे उठवणे, उंचावणे. इतकेच काय, 'ड्रिंक' म्हणजे पिणे आणि 'ड्रेंच' म्हणजे मुळात पाजणे. आज त्याचा अर्थ चिंब भिजवणे असा झाला असला तरी गुरांना तोंडावाटे औषध पाजण्याला इंग्रजीत अजूनही तोच शब्द आहे.

हे साम्य योगायोगाचे नाही, म्हणूनच मला त्याचा इतका मोह पडतो. संस्कृतात 'पतति'वरून 'पातयति' झाले आणि प्राकृतातून उतरत ते आपल्याकडे पडणे-पाडणे होऊन आले. तशीच 'सीदति' आणि 'सादयति' ही बसणे-बसवणे यांची जोडी आहे, आणि इंग्रजीतील 'सिट' आणि 'सेट' ही त्याच जोडीची सख्खी भावंडे आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीसमोर २ फेब्रुवारी १७८६ रोजी मांडले, आणि इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेत येते ती शाखाही त्याच कुळातली.

आता या जोड्यांतील जो व्यवहारात उपयोगी पडतो तो मुद्दा. ज्याला आपण व्याकरणात प्रयोजक क्रियापद म्हणतो, म्हणजे पाडणे, बसवणे, उठवणे या बाजूचे, ते इंग्रजीत नेहमी साधे-सरळ असते: फेल्ड, लेड, रेज्ड, ड्रेंच्ड. 'सेट'चे भूतकाळी रूप 'सेट'च दिसते, कारण त्याच्या शेवटच्या 'ट'मध्ये प्रत्यय विरघळून गेला आहे. आतला स्वर बदलण्याचा खेळ सगळा आपोआप होणाऱ्या बाजूला चालतो: फेल, ले, सॅट, रोज. कारण असे की प्रयोजक रूपे ही मूळ क्रियापदांपासून नंतर घडवलेली आहेत आणि घडवलेल्या क्रियापदांना जर्मानिक भाषांनी पहिल्यापासून प्रत्यय लावूनच भूतकाळ केला. भाचीला मी इतकेच सांगितले की, कामगारांनी रूळ टाकले म्हणून 'लेड', आणि टाकल्यावर ते रूळ खाडीच्या कडेने पडून राहिले म्हणून 'ले'. तिने दोन्ही वाक्ये लिहिली. 'पे'चे 'पेड' जसे लिहितात तसेच 'ले'चे 'लेड' लिहायचे, एवढी स्पेलिंगची एकच सूचना मला करावी लागली.

'वॉज फाउंड' हे प्रकरण वेगळे आहे. 'फाइंड' म्हणजे सापडणे किंवा शोधून काढणे आणि त्याचा भूतकाळ 'फाउंड'. तर 'फाउंड' म्हणजे स्थापन करणे आणि त्याचा भूतकाळ 'फाउंडेड'. या दोघांचे एकमेकांशी काहीही नाते नाही. पहिला शब्द इंग्रजीचा घरचा, दुसरा लॅटिनमधील तळ किंवा पाया या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आलेला पाहुणा. पाहुण्या क्रियापदांना इंग्रजी बहुधा निमूटपणे 'एड' लावते, आणि ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. 'कॅच'सारखा एखादा पाहुणा घरच्यांची चाल उचलून 'कॉट' होतो, पण असे अपवाद विरळा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी १८४९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली, कोणाला रस्त्यात सापडली नाही. परंतु भाचीला हसण्याचा अधिकार मला नाही, कारण एका सभागृहाच्या संगमरवरी पाटीवर ती संस्था अशीच 'सापडलेली' मी स्वतः पाहिली आहे, आणि त्या पाटीचे अनावरण टाळ्यांच्या गजरात झाले तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. 'वाइंड' म्हणजे गुंडाळणे आणि त्याचे 'वाउंड', 'वूंड' म्हणजे जखम करणे आणि त्याचे 'वूंडेड', ही आणखी एक अशीच फसवी जोडी, आणि तिच्यात 'वाउंड' व 'वूंड' यांचे स्पेलिंगही एकच असल्याने डोळ्यांना काही मदत होत नाही.

पुढच्या दोन चुका मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या इंग्रजीच्या विक्षिप्तपणामुळे झालेल्याच नाहीत. त्या आपल्या मराठीच्या सवयीमुळे होतात, आणि तीन रकान्यांचा तक्ता कितीही पाठ केला तरी जात नाहीत.

'द फर्स्ट ट्रेन हॅड केम' यात 'हॅड'पुढे 'केम' नव्हे तर 'कम' हवे, हे तक्ता सांगेल. पण येथे 'हॅड' मुळात आलाच कशाला? कारण मराठीत आपण सहज म्हणतो, "मी काल ठाण्याला गेले होते," "परवा तो आला होता." जे घडून संपले आणि आता फक्त सांगायचे आहे, त्यासाठी 'गेले होते' हे रूप आपल्याला अगदी स्वाभाविक वाटते. इंग्रजीत मात्र 'हॅड' लावला की वाचणारा दुसऱ्या घटनेची वाट पाहू लागतो, कशाच्या आधी आली होती, असे मनात विचारतो, आणि निबंधात ती दुसरी घटना येतच नाही. बँकेतील पत्रांतही हेच होई. 'वुई हॅड सेंट यू द स्टेटमेंट येस्टरडे' हे वाक्य मी किती वेळा दुरुस्त केले असेल याची गणती नाही, आणि लिहिणाऱ्याला दर वेळी वाटे की बाईंनी विनाकारण एक शब्द खोडला.

'डिड नॉट वेंट' ही चूक त्याहून खोल. 'काही लोक इंजिनाजवळ गेले नाहीत' हे मराठी वाक्य पाहा. भूतकाळ 'गेले' या शब्दात आहे. 'नाहीत' फक्त नकार आणि अनेकवचन सांगते. 'गेलास का?' या प्रश्नातही भूतकाळ मुख्य क्रियापदालाच चिकटलेला राहतो. त्यामुळे मराठी मनाला नकार आला म्हणून 'वेंट' सोडून परत 'गो'कडे जाणे पटत नाही. इंग्रजीत तर 'डिड' आला की भूतकाळाचे सगळे ओझे तो एकटा उचलतो आणि मुख्य क्रियापद रिकाम्या हातांनी चालते. हे समजावण्यासाठी मला पुन्हा मराठीचाच आधार मिळाला. 'तो जाऊ शकला' असे आपण म्हणतो, 'तो गेला शकला' असे कोणी म्हणत नाही, कारण भूतकाळ एकदा 'शकला'ने उचलला की 'जाऊ'ला त्याचे काही देणेघेणे उरत नाही. 'डिड' हा असाच 'शकला'च्या जातीचा आहे. भाचीने दोनतीनदा 'गेला शकला, गेला शकला' असे पुटपुटून पाहिले, तिला हसू आले, आणि माझा अनुभव असा आहे की चुकीच्या रूपाचे एकदा हसू आले की ते रूप परत लिहिले जात नाही.

उरले ते 'ड्रॉड', म्हणजे तक्त्यातले खरेखुरे अनियमित क्रियापद. ड्रॉ, ड्र्यू, ड्रॉन. येथे घोकण्याला पर्याय नाही, पण घोकताना आपण काय घोकतो आहोत हे ठाऊक असले तर कंटाळा कमी येतो. सिंग-सँग-संग, ड्रॉ-ड्र्यू, रन-रॅन यांत प्रत्यय नाही, आतला स्वरच बदलतो. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने अशा क्रियापदांना सबल आणि प्रत्यय घेणाऱ्यांना दुर्बल म्हटले; जे बाहेरून काही उसने न घेता आपल्या आतूनच बदलते ते सबल, असा त्यामागचा विचार. आतला स्वर बदलणे आपल्यालाही नवीन नाही. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे यांत 'उ'चा 'ओ' होतो, त्याला संस्कृत व्याकरणकार गुण म्हणतात, आणि इंग्रजीतील स्वरबदल व हा गुण एकाच प्राचीन सवयीचे अवशेष आहेत. 'बाइंड'चे 'बाउंड' घोकताना हा 'बाइंड' म्हणजे आपल्या बांधण्याचा चुलतभाऊ आहे, हे मला फार उशिरा कळले. शाळेत कोणी सांगितले असते तर निदान ते एक रूप छडीशिवाय पाठ झाले असते.

ही सबल मंडळी हळूहळू कमी होत आहेत. हार्वर्डमधील संशोधकांनी २००७ साली 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदे निवडून त्यांचा माग काढला. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांपैकी १४५ अनियमित राहिली होती आणि आज ९८ आहेत. बाकीच्यांनी 'एड'पुढे मान तुकवली. 'हेल्प'चे भूतकाळी रूप एके काळी 'होल्प' होते, ते आता 'हेल्प्ड' झाले. जे क्रियापद शंभरपट कमी वापरले जाते ते दहापट लवकर नियमित होते, असे गणितही त्यांनी मांडले. उलट दिशेचा प्रवासही क्वचित होतो: 'स्नीक'चे 'स्नीक्ड' चांगले चालले असताना अमेरिकेत त्याचे 'स्नक' झाले आणि आता ते रुळले आहे. पण एकूण हिशेब असा की रोज तोंडात असलेली क्रियापदेच आपला जुना हट्ट टिकवू शकतात, आणि इंग्रजीत सर्वाधिक वापरली जाणारी पहिली दहा क्रियापदे, असणे, करणे, म्हणणे, जाणे, येणे, पाहणे वगैरे, सगळीच्या सगळी अनियमित आहेत.

येथे भाचीने मला अडवले. "मग आपल्याकडे असं का नाही?" तिने विचारले. मी तिला म्हटले, "बसणे, बसला, उठणे, उठला, मग करणे?" ती म्हणाली, "केला." "करला का नाही?" ती गप्प झाली. मग आम्ही दोघींनी मिळून चहा होईपर्यंत आपलाच तक्ता केला. मरणे, मेला. जाणे, गेला. येणे, आला. होणे, झाला. घेणे, घेतला. धुणे, धुतला. खाणे, खाल्ला. मागणे, मागितला. घालणे, घातला. 'म्हणणे'ची तर दोन रूपे, 'तो म्हणाला' आणि 'त्याने म्हटले', आणि कोणते कोठे वापरायचे हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. आपला 'ला' हा त्यांचा 'एड', आणि आपलेही केला, मेला, गेला हे कृत, मृत, गत या जुन्या रूपांना 'ला' चिकटून तयार झालेले हट्टी म्हातारे. लहान मुले 'मी करलं' असे म्हणतात तेव्हा ती चूक नसते, नियमावरचा विश्वास असतो. 'ड्रॉड' हा नेमका तसाच विश्वास होता.

सर्वांत गंमत 'गो'ची. 'वेंट' हे 'गो'चे रूप नव्हेच. ते 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचे भूतकाळी रूप, जे 'गो'ने आपल्या घरात दत्तक घेतले. मराठीत काय झाले? 'जातो' हे संस्कृतातील 'या' धातूपासून आले आणि 'गेला' हे 'गम्' धातूपासून. दोन वेगळे धातू, एक संसार. म्हणजे गो-वेंट आणि जातो-गेला ही एकाच प्रकारची तडजोड आहे. इंग्रजीतील असण्याच्या क्रियापदात तर तीन धातू राहतात: 'ॲम' आणि 'इज' यांचे नाते 'अस्मि' आणि 'अस्ति' यांच्याशी, 'बी'चे 'भू'शी, आणि 'वॉज'चे वसण्याच्या 'वस्' धातूशी. हे ऐकून भाचीला विशेष आनंद झाला नाही. तिचे लक्ष खिडकीबाहेर होते आणि बारा वाजत आले होते.

शेवटी तिला निबंध मोठ्याने वाचायला लावला, तेव्हा कागदावर न दिसणारी एक गोष्ट ऐकू आली. ती 'वॉचेड', 'पुलेड', 'चीअरेड' असे वाचत होती, कारण लिहिताना सगळीकडे 'एड'च असते. उच्चारात मात्र त्याचे तीन प्रकार होतात: कठोर व्यंजनानंतर 'ट', म्हणून वॉच्ट, मृदू व्यंजन किंवा स्वर यांच्यानंतर 'ड', म्हणून पुल्ड, आणि आधीच 'ट' किंवा 'ड' असेल तरच वेगळे अक्षर, म्हणून स्टार्टिड. संधी शिकलेल्या मुलीला हे अवघड जाऊ नये. जगत् आणि ईश यांचा जगदीश होताना शेजाऱ्याच्या गुणाने 'त'चा 'द' होतो. येथे शेजाऱ्याच्या गुणाने 'ड'चा 'ट' होतो, फरक इतकाच की इंग्रजीत शेजारी आधी बसलेला असतो. 'रीड'चा भूतकाळ 'रेड' असा वाचायचा पण लिहिताना काहीच बदलायचे नाही, यावर ती खरोखर चिडली, आणि त्याबाबत मी इंग्रजीची बाजू घेतली नाही.

दुरुस्त केलेला निबंध सोमवारी शाळेत गेला. बुधवारी संध्याकाळी मी तलावपाळीवर फेरी मारत असताना तिचा फोन आला. आवाजात इतका आनंद होता की ती चक्क इंग्रजीत बोलली: "आत्या, टीचर हँग्ड माय एसे!" निबंध वर्गातल्या सूचनाफलकावर लावला होता. 'हँग'ची भूतकाळी रूपे दोन आहेत, कपडे, चित्रे आणि निबंध यांच्यासाठी 'हंग', आणि 'हँग्ड' हे न्यायालयांच्या जुन्या भाषेने जपून ठेवलेले, फक्त फाशी दिलेल्या माणसासाठीचे. तिचे अभिनंदन केले आणि फाशी रद्द करण्याचे काम रविवारवर ढकलले.